जुन्या गाडीच्या इंजिनातली मळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात गोडोलीला आमचं छोटं गॅरेज आहे. दहा, पंधरा, वीस वर्षं झालेल्या गाड्याच आमच्याकडे जास्त येतात. वडिलांनी घेतलेली पहिली गाडी, लग्नात घेतलेली गाडी, शेतावर जायची जुनी डिझेल, अशा. त्यांचे मालक इंजिन साफ करण्याबद्दल जे विचारतात, त्यातलं बहुतेक खाली आलं आहे. घाईत असाल तर फ्लशचा प्रश्न तेवढा वाचाच.

इंजिनात साठतं ते नेमकं काय असतं?

दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. पहिली मळी. हा सगळा ऑईलच्या बाजूचा मामला. जुनं झालेलं ऑईल, पाण्याचा अंश, काजळी आणि अर्धवट जळलेलं इंधन एकत्र होऊन घट्ट होतं. ते टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली), चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीच्या, तळाला आणि ऑईल ओढणाऱ्या जाळीवर बसतं. कंपनीचे लोक त्याला स्लज म्हणतात. गुऱ्हाळावर काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी ज्यांनी काढली आहे, त्यांना आमचाच शब्द लवकर कळतो.

दुसरा कार्बन. तो हवा आणि इंधनाच्या बाजूला बसतो: पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हच्या मागच्या अंगाला, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग), इंधन फवारणाऱ्या नोजलच्या टोकाला, डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (सायलेन्सरकडचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). हा चुलीच्या भांड्याच्या बुडासारखा असतो, कोरडा आणि कडक.

पेट्रोलच्या टाकीत टाकायचं औषध मळीला शिवतही नाही. ऑईलमध्ये टाकायचं औषध थ्रॉटल बॉडी साफ करत नाही. म्हणून आपल्या गाडीत यातलं काय साठलं आहे, हे आधी ठरवायचं.

माझी गाडी महिन्याला दोन-तीनशे किलोमीटरच चालते. तिच्यात मळी कशी होईल?

कमी चालते म्हणूनच होते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलं तर ती उडून जाते. शाहूपुरीतून राजवाड्यापर्यंत जायचं, भाजी घ्यायची आणि परत यायचं, एवढ्या फेरीत ऑईल तापतच नाही. तापमानाचा काटा मधे आला म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) तापलं. ऑईल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. हे रोज झालं की पाणी आणि कच्चं पेट्रोल ऑईलमध्येच मुरत राहतं.

म्हणून अशा गाडीचं ऑईल किलोमीटर पाहून बदलू नका, वर्ष पाहून बदला. वर्षाला दोनच हजार किलोमीटर झाले असतील तरी बदला. पावसाळ्यात तर मी सहा महिने धरतो.

इंजिन न उघडता घरच्या घरी कसं ओळखायचं?

सकाळी, गार इंजिनावर, ऑईल भरायचं टोपण काढा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारा. आतला धातू मधासारखा पिवळसर-तपकिरी दिसला तर काळजीचं कारण नाही. तो नुसता रंग असतो, थर नसतो. काळा, चकाकणारा, बोट लावलं तर डांबरासारखा ओढला जाणारा थर असेल तर मळी आहे. टोपणाच्या आतल्या बाजूला काळे खडे चिकटले असतील तर ती जुनी, वाळलेली मळी. ही जास्त धोक्याची, कारण ती विरघळत नाही, तुकड्यांनी सुटते.

मग ऑईल मोजायची पट्टी काढून ऑईलचा थेंब दोन बोटांत चोळा. चुरचुर लागली तर ऑईल केव्हाच संपलेलं आहे. नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. डिझेल गाडीचं नवं ऑईल दोन-तीनशे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतं, आणि तेच त्याचं काम आहे.

आमच्याकडे सगळ्यात खरी साक्ष देतो तो जुना फिल्टर. ऑईल बदललं की फिल्टर फेकून देऊ नका. कटरने त्याचं पत्र्याचं बूड कापा (हॅकसॉ वापरलात तर लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग काहीच कळत नाही). आतल्या कागदाच्या चुण्या सोडवा, थोड्या डिझेलमध्ये खळबळा आणि उन्हात धरा. काळी बारीक कणी म्हणजे कार्बन आणि मळी. चंदेरी किंवा तांबूस चकाकी दिसली तर ती बेअरिंगची, आणि मग साफसफाईचा विचार सोडून आधी इंजिन तपासून घ्यायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे. मालकाला समोर उभं करून दाखवल्याशिवाय मी पुढचं काही सुचवत नाही.

टोपणाखाली दुधाळ फेस आहे. हेड गेलं का, म्हणजे कूलंट ऑईलमध्ये उतरलं का?

लगेच घाबरू नका. आपल्याकडे पावसात, त्यातून कासच्या किंवा महाबळेश्वरच्या बाजूला धुक्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, टोपणाखाली थोडा फेस जमतो. तास-दीड तास सलग गाडी चालवली की तो जातो. पण पट्टीवरचं ऑईलसुद्धा दुधाळ झालं असेल, कूलंट कमी होत असेल किंवा धूर पांढरा आणि गोडसर वासाचा येत असेल, तर गाडी चालू करू नका. टो करून आणा.

दुकानात बाटलीतला इंजिन फ्लश मिळतो. ऑईल बदलण्याआधी टाकून दहा मिनिटं चालू ठेवायचं. करावं का?

ज्या गाडीचं ऑईल वेळच्या वेळी बदललं आहे तिच्यात टाकलात तर बिघडत नाही, पण तिला त्याची गरजही नसते. ज्या गाडीला गरज आहे असं वाटतं, म्हणजे मळीने भरलेल्या गाडीला, तिला तो मारू शकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून इतकं ठामपणे लिहितो.

वाईच्या एका शेतकरी दादांची डिझेल गाडी, दीड लाखाच्या पुढे चाललेली. सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने ऑईलकडे लक्ष दिलेलं नव्हतं. दुसरीकडे कुणी तरी फ्लश करून दिला आणि नवं ऑईल भरलं. दोन दिवस गाडी झकास चालली. तिसऱ्या दिवशी पसरणी घाट चढताना ऑईलचा लाल दिवा लागला. मागं घरची माणसं, घाटात थांबायचं कुठं, म्हणून दादांनी पाचगणीपर्यंत गाडी ओढली. आमच्याकडे टो होऊन आली तेव्हा इंजिन जाम होतं. चेंबर उतरवला. ऑईल ओढणारी जाळी चहाच्या गाळणीत चोथा बसावा तशी गच्च भरलेली. वर भरपूर नवं ऑईल होतं, पण पंपाला त्यातलं काही ओढताच आलं नव्हतं.

कारण सोपं आहे. फ्लश म्हणजे पातळ, तीव्र औषध. ते दहा मिनिटांत मळी विरघळवत नाही, तिची पकड सैल करतं. पातळ झालेला भाग ऑईलबरोबर बाहेर येतो. सैल झालेला भाग आतच राहतो आणि नंतर तुकड्यातुकड्यांनी जाळीकडे जातो. शिवाय जुन्या, कडक झालेल्या सीलच्या फटी मळीनेच बुजलेल्या असतात. मळी गेली की ऑईल गळायला लागतं आणि लोक म्हणतात फ्लशने सील खाल्लं.

फ्लश करायचाच असेल तर चेंबर आणि जाळी त्याच दिवशी उतरवून साफ करायची तयारी असेल तरच करा. त्या दहा मिनिटांत गाडी रेस करू नका, चालवून तर अजिबात नेऊ नका.

आणि लाल ऑईलचा दिवा लागला तर घाट असो, पूल असो, जागच्या जागी इंजिन बंद. पाचगणीपर्यंत नाही, पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नाही.

चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन धुतात. स्वस्त पडतं ना?

मी शिकाऊ असताना आम्ही सर्रास करायचो. जुनी, ढिली इंजिनं ते सोसायचीही. आज करू नका. डिझेलला ऑईलसारखी पकड नसते, बेअरिंग धातूवर धातू घासत फिरतं. आणि कितीही निथळलं तरी ते आत थोडं उरतंच, म्हणजे नवं ऑईल पहिल्याच दिवशी पातळ होतं. सुटे काढलेले भाग बाहेर ट्रेमध्ये डिझेलने धुवा, तिथे ते उत्तम काम करतं.

मग मळी काढायची सुरक्षित रीत कोणती?

हळूहळू. वर्षानुवर्षं बसलेला थर एका दुपारी काढायचा नाही, त्याला तीन-चार ऑईलमध्ये उतरवायचं.

शक्य असेल तर सुरुवात चेंबर उतरवून जाळी धुण्यापासून करा. काही गाड्यांत चेंबर सहज निघतो. काहींत खालची फ्रेम सैल करावी लागते, मजुरी वाढते, तरी पण करा. त्यानंतर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं चांगलं ऑईल आणि नवा फिल्टर. चांगल्या ऑईलमध्ये मळ धुणारं औषध मुळातच असतं, ते हलक्या हाताने काम करतं. हे ऑईल हजार-दीड हजार किलोमीटरला काढा, फिल्टर कापून बघा. पुन्हा ऑईल-फिल्टर, या वेळी अडीच हजारांना. मग पाच हजारांना. फिल्टरमधली काळी कणी प्रत्येक वेळी कमी होताना दिसते. कमी झाली नाही तर थांबायचं आणि टॅपेट कव्हर उघडून हाताने साफ करायचं.

पहिल्या दोन वेळा महागातलं पूर्ण सिंथेटिक घालायची गरज नाही, ते लवकरच काढायचं आहे. पण ग्रेड बदलू नका. "गाडी जुनी झाली, जाड ऑईल घाला" हा सल्ला सगळीकडे मिळतो. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑईल लागतं, त्यात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल घातलं तर सकाळी गार असताना ते बारीक नळ्यांतून वर पोचायलाच वेळ घेतं, आणि मळीने त्या नळ्या आधीच अरुंद झालेल्या असतात.

ब्रीदरचा (इंजिनातली वाफ ओढून घेणाऱ्या नळीचा) पीसीव्ही व्हॉल्व्ह याच वेळी बदलून टाका. छोटा भाग आहे, फारसा महाग नसतो. तो चोंदला की इंजिनातली वाफ बाहेर जात नाही आणि मळी नव्याने सुरू होते. मळी पुन्हा पुन्हा होणाऱ्या कितीतरी गाड्यांत शेवटी हाच व्हॉल्व्ह चोंदलेला सापडतो.

पेट्रोलच्या टाकीत टाकायचं क्लीनर चालतं का?

कार्बनसाठी, हो. बाटलीवर पॉलिइथर अमाईन लिहिलेलं आहे का बघा. हे औषध नोजलवरचा आणि व्हॉल्व्हच्या मागचा कार्बन खरोखर काढतं. आपल्या बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्या एमपीएफआय आहेत, म्हणजे नोजल व्हॉल्व्हच्या पाठीवरच पेट्रोल मारतो, त्यामुळे औषध तिथे पोचतं. ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं त्यांच्या व्हॉल्व्हला हे पोचत नाही. तिथे मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांची भुकटी हवेच्या दाबाने मारावी लागते.

बाटलीवर लिहिलं आहे तेवढंच माप घ्या. ऑईल बदलायची वेळ जवळ आली की त्याआधीच्या टाकीत टाका, कारण थोडं औषध रिंगांजवळून ऑईलमध्ये उतरतं. आणि ती टाकी गावातल्या गावात संपवू नका. कराडला जाऊन या.

गाडी सीएनजीवर चालते. मग?

गॅस व्हॉल्व्ह धूत नाही आणि पेट्रोलचे नोजल न वापरता चिकट होतात. रोज सुरुवातीचे काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

ई-२० पेट्रोलमुळे इंजिन आपोआप साफ होतं म्हणतात, खरं का?

अर्धं खरं आहे. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या मळीपासून (ही उसाची मळी, म्हणजे मोलॅसिस, इंजिनातली नव्हे) आणि उसाच्या रसापासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलं की झालं ई-२०. २०२३च्या फेब्रुवारीपासून ते पंपांवर यायला लागलं. इथेनॉल जुन्या टाकीच्या तळाचा चिकट थर सोडवतं, पण तो थर जातो कुठं? पेट्रोल फिल्टरमध्ये. म्हणून जुनी गाडी चढाला दम टाकायला लागली, मिसिंग करायला लागली, तर आधी फिल्टर बदला. कार्ब्युरेटरची मारुती ८०० किंवा ओम्नी असेल तर रबरी नळ्या, पंपाचा पडदा, फ्लोटजवळचं पॅकिंग वर्षातून एकदा बोटांनी दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा नळी फुगून मऊ झाली तर त्याच दिवशी बदला. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

थ्रॉटल बॉडी घरी साफ करता येते का?

येते, आणि स्लोला गाडी थरथरत असेल किंवा सिग्नलला बंद पडत असेल तर बहुतेकदा तिथेच दोष असतो.

इंजिन गार हवं, चावी काढून खिशात हवी. हवेचा पाईप काढा. पाईपात हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याला फडकं लावायचं नाही की थ्रॉटलचा स्प्रे मारायचा नाही, त्याचं क्लीनर वेगळं येतं. थ्रॉटल बॉडीसाठी असलेलाच स्प्रे घ्या. कार्ब्युरेटरचा स्प्रे जास्त तीव्र असतो आणि आतला पातळ लेप काढतो. स्प्रे थेट आत धार धरून मारू नका, फडक्यावर घ्या आणि आतल्या गोल पाकळीची (हवेच्या झडपेची) कड पुसा. कडेला जिथे पाकळी टेकते, तिथे काळी चंद्रकोर दिसेल. तीच काढायची आहे. पाकळी मोटरने चालणारी असेल तर बोटाने जोरात ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात.

साफ केल्यावर गाडी थोडा वेळ जास्त स्लोवर राहील. मळामुळे कमी पडणारी हवा भरून काढायला कॉम्प्युटर पाकळी जास्त उघडायला शिकलेला असतो. काही गाड्या आपोआप पुन्हा शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो.

डिझेल गाडीच्या ईजीआरचं काय?

गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, ॲव्हरेज पडलं, तर ईजीआर काढून बघाच. सायलेन्सरची काजळी आणि ब्रीदरचं ऑईल तिथे एकत्र येतं आणि मॅनिफोल्डचं भोक निम्म्याहून अरुंद होतं. व्हॉल्व्ह काढूनच साफ करावा. धातूचा भाग क्लीनरमध्ये भिजवा, मोटरचा भाग ओला होऊ देऊ नका, पॅकिंग नवं घाला.

चालू डिझेल इंजिनात हवेच्या पाईपातून स्प्रे मारून साफ करणं मात्र मला मान्य नाही. डिझेल इंजिन जे मिळेल ते जाळतं. जास्त स्प्रे गेला तर ते चावी काढूनही बंद न होता पिसाटासारखं रेस होऊ शकतं, आणि सुटलेला खडा टर्बोच्या पात्यावर गेला तर टर्बो जातो.

पाणी पाजून किंवा हायड्रोजनच्या मशीनने कार्बन काढतात ते?

पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये जास्त गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मशीनचा गॅस फक्त जळायच्या जागेतून जातो. ऑईलच्या बाजूची मळी, ब्रीदर, जाळी यांना तो शिवत नाही. त्या पैशांत दोन ऑईल बदली होतात. मी ऑईलच बदलेन.

गाडी ऑईल खाते. कार्बन काढला तर थांबेल का?

सकाळी पहिल्या सेल्फला निळा धूर आणि मग बंद, तर व्हॉल्व्ह सील. त्याला साफसफाईचा उपयोग नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर, तर रिंगा. दोष खरंच रिंगांचा आहे की व्हॉल्व्हचा, हे बघायला आधी कॉम्प्रेशन मोजा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर दोष रिंगांचा.

पेट्रोल गाडीत चिकटलेल्या रिंगा कधी कधी सुटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं कार्बनचं औषध घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी उरलेलं सिरिंजने ओढून घ्यायचं, कॉइल आणि नोजलची वायर काढून ठेवायची, भोकांवर चिंधी टाकायची आणि प्लग न लावताच सेल्फ मारायचा. चिंधीशिवाय ते औषध फवाऱ्यासारखं तोंडावर येतं. नंतर लगेच ऑईल बदला, आणि पहिल्यांदा गाडी उघड्यावरच चालू करा. बंद शेडमध्ये कधीही नाही, तो धूर जीव घेतो. डिझेल इंजिनाला हा प्रयोग करू नये.

हेड उघडलंच आहे तर कसं घासू?

लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने. कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियमचं हेड किंवा पिस्टन टाकू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो. खरकागद किंवा मशीनची घासणारी चकती ब्लॉकवर फिरवू नका. तिची कणी डोळ्याला दिसत नाही, पण ऑईलबरोबर बेअरिंगमध्ये जाऊन ते कापते.

काढलेल्या ऑईलचं काय करायचं?

गटारात, ओढ्यात, बांधाला ओतू नका. वाळवीसाठी गोठ्याच्या खांबांना लावायची जुनी रीत आहे, तीही सोडून द्या. पावसात ते धुपून मातीत आणि विहिरीत उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून आमच्याकडे किंवा तुमच्या जवळच्या गॅरेजवर आणून द्या. आम्ही बॅरलमध्ये साठवतो आणि परवाना असलेला घेणारा येऊन घेऊन जातो. कॅनवर "जळकं ऑईल" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलेलं ऑईल घेणाराही नेत नाही.